नागपूर–पुणे स्वस्त विमान : बोर्डिंगला पाचपैकी अडीच

सीट निवडायचे पैसे भरायचे की नाही, यावर आमच्या घरात प्रत्येक तिकिटाला वाद होतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. धडधाकट माणसानं एक रुपया भरू नये. सोबत म्हातारं माणूस असेल तर मुकाट्यानं भरावे, आणि भरताना कंपनीला मनात जे म्हणायचं ते म्हणून घ्यावं. माझं मनात म्हणून झालेलं बरंच साचलं होतं, म्हणून हे लिहायला बसले.

कंपनीचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या कुठल्या स्वस्त विमानानं गेलो असतो तरी उन्नीस-बीसच झालं असतं. माझं भांडण एका कंपनीशी नाहीच, या पद्धतीशी आहे.

मी प्रतापनगरला राहते आणि लग्नामुंजीच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते. शे-दोनशे माणसं वेळेत बसवायची, वाढायचं, उठवायची आणि पानं उचलून लगेच पुढची बसवायची, यात माझी हयात गेली. त्यामुळे विमानतळावर बाकीचे लोक बोर्ड बघतात तेव्हा मी रांग बघत असते.

नवतप्याचे दिवस होते. पुण्याला भाचीचं लग्न. रेल्वेचं वेटिंग हलायला तयार नाही, ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये सासूबाईंचे गुडघे रात्रभर टिकणार नाहीत, म्हणून विमान. आम्ही चौघं : मी, हे, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि धाकट्या दिरांची चिऊ, तिसरीतली. चौघांचं तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर.

तिकीट काढताना पैसे भरायच्या आधी विमानाचा नकाशा येतो, तो एकदा नीट बघा. पुढच्या ओळी एका रंगात, आपत्कालीन दाराजवळच्या दुसऱ्या रंगात, बाकीच्या तिसऱ्या. चौकोनावर बोट ठेवलं की आकडा उमटतो. मागच्या ओळींतली मधली सीटसुद्धा फुकट नाही. मधली सीट, जिथं दोन्ही हातांना टेकायला जागा कुणाची यावरून दीड तास कोपरांनी बोलणी चालतात, तिचेही पैसे! सीट न निवडता पुढे जायचं बटण खाली कोपऱ्यात, फिकट अक्षरांत. ते दाबलं की लगेच दुसरी खिडकी उघडते : तुम्ही आणि तुमच्या सोबतचे कदाचित वेगवेगळे बसाल, चालेल का? हा प्रश्न चार तिकिटांचे पैसे भरणाऱ्या माणसाला विचारतात, हे लक्षात घ्या. माझ्याकडे ऑर्डर द्यायला आलेल्या वधूपित्याला मी असं विचारलं, की जेवण मिळेल पण नवरानवरी एका पंगतीला बसतील याची खात्री नाही, त्याचे वेगळे पडतील, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या केटररकडे दिसेल.

हे म्हणाले, "विमानात बसायला मिळते नं? मंग झालं. दीड तासाचा तं प्रवास." आणि फिकट बटण दाबून मोकळे झाले.

वेब चेक-इन केलं तेव्हा यंत्रानं आमची वाटणी करून टाकली होती. मी आणि चिऊ सत्ताविसाव्या ओळीत, हे चौदाव्यात, सासूबाई पाचव्यात. आणि सासूबाई कुठं, तर 5ई, मधोमध. चिऊ माझ्याजवळ आली ती कंपनीच्या मायेनं नाही. एप्रिल 2024 मध्ये डीजीसीएनं, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, सगळ्या कंपन्यांना बजावलं, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या निदान एका पालकाच्या शेजारी जागा द्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. तक्रारी फार झाल्या म्हणून हे करावं लागलं. म्हणजे नियम निघेपर्यंत लेकरालाही आईपासून दूर टाकत होते आणि जवळ आणायचे पैसे मागत होते. नियम झाला तो लेकरांपुरता. अठ्ठ्याहत्तरीच्या बाईसाठी कुणी काही बजावलेलं नाही.

आता खरी मेख. त्याच वेळी नकाशात सव्विसाव्या ओळीत तीनच्या तीन सीटा मोकळ्या दिसत होत्या. आमच्या अगदी पुढची ओळ. जागा नव्हती म्हणून आम्ही विखुरलो असतो तर माझी काही तक्रार नसती. भर मे महिन्यात भरलेलं विमान, समजू शकतो माणूस. पण जागा होती, एकत्र होती, आणि ती विकायला मांडून ठेवली होती. ती विकली जावी म्हणून सासूबाई पाचव्या ओळीत. यंत्राला कुणी मुद्दाम तसं शिकवलंय की सहज तसं वागतं हे माझ्यासारखीला कळायला मार्ग नाही. पण धंदा मीही करते, आणि ज्या गोंधळातून रोज पैसे सुटतात तो गोंधळ कुणी घाईनं निस्तरत नाही, एवढं मला कळतं.

विमानतळावर काउंटरच्या मुलीला विचारलं. आवाजावरून भंडाऱ्याकडची वाटली, बोलायला गोड. "काकू, सिस्टमनंच दिलं नं ते. चेंज करायचं असलं तं पेमेंट लागते. नाही तं गेटवर विचारून पाहा, तिथं करून देतात कधी कधी." गेटवरचा म्हणाला, "मॅम, आता केबिन क्रूच करेल." आणि केबिन क्रू काय म्हणाली असेल ते सांगायला नको : शेजारच्या प्रवाशाला विनंती करून बघा. अशी टोलवाटोलवी करत आमचा प्रश्न शेवटी अशा माणसाच्या अंगावर जाऊन पडतो ज्याचा यात काही संबंध नाही आणि ज्यानं स्वतःच्या जागेचे पैसे मोजलेत.

त्याच मुलीनं व्हीलचेअर देऊ का विचारलं. सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं. "मी काय लंगडी झाली का?" घेतली असती तर चांगलं झालं असतं, व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यांच्या आधी आत नेतात. मात्र उतरताना ते शेवटी, हेही माहीत असलेलं बरं.

नागपूरच्या विमानतळाबद्दल माझी तक्रार नाही. सोनेगावचा हा विमानतळ आटोपशीर आहे, मुंबईसारखी पायपीट नाही, सुरक्षा तपासणीतून लवकर सुटका होते. गेट उड्डाणाच्या पंचवीस मिनिटं आधी बंद करतात आणि बॅग टाकायचा काउंटर तासभर आधी, या दोन वेळा मात्र पाळा. आमच्यामागे एक कुटुंब संत्रा बर्फीचे डबे घ्यायला रमलं होतं, त्यांच्या नावाचा पुकारा ऐकून ऐकून माझाच जीव खालीवर होत होता.

गेटवर माइकवरून सांगतात : आधी झोन एक, मग झोन दोन. झोन म्हणजे चढायच्या क्रमानं पाडलेले गट. सांगायच्या आतच सगळी मंडळी उठलेली असतात. ज्याच्या हातात नंबर छापलेला पास आहे, ज्याची जागा कुणी घेऊन जाणार नाही, तो माणूस रांगेत का धावतो? मला वाटायचं सवय. आता वाटतं लोक शहाणे आहेत. सीटला नंबर आहे, डोक्यावरच्या रॅकला नाही. विमानात मोकळी सोडलेली जागा आता तेवढीच उरली आहे आणि धावाधाव आहे ती तिच्यासाठी. सात किलोची एक बॅग म्हणतात, पण लॅपटॉपची वेगळी, खाऊची वेगळी, आणि लग्नसराईत तर विचारूच नका. मी कुणाला बोलू, माझ्याच हातात कुरड्यांचं खोकं होतं. त्याचं पुढे सांगते.

गेटपासून थेट विमानाच्या दारापर्यंत नेणारा एरोब्रिज नव्हता, बस होती. दुपारी तीनची वेळ, नवतपा, बाहेर पाऊल टाकलं की डोळ्यांपुढे उन्हाची झळ हलते. इथं एक गोष्ट बघा, कुणी सांगत नाही. बसमध्ये जो सगळ्यात आधी चढतो तो आत आत ढकलला जातो, आणि जो शेवटी धापा टाकत येतो तो दाराशी उभा राहतो. बस विमानापाशी थांबली की दार उघडतं, शेवटचा पहिला उतरतो. म्हणजे गेटवर झोन लावून, माइकवर ओरडून जी काही शिस्त घडवली असेल ती त्या दोन मिनिटांच्या फेरीत उलटीपालटी. झोन एकचे जादा पैसे भरलेला एक सद्गृहस्थ बसच्या मधोमध दांडा धरून उभा होता आणि झोन चारची कॉलेजची पोट्टी त्याच्याआधी शिडीवर होती. बस लागणार असेल तर पहिल्या झोनचे पैसे पाण्यात, हे नक्की धरून चाला.

विमानाला दोन शिड्या लावल्या होत्या. पंधरापर्यंतच्या ओळी पुढून, बाकीच्या मागून. तिथं त्या तापलेल्या डांबरावर आमचं कुटुंब दोन दिशांना फुटलं. हे सासूबाईंचा हात धरून पुढच्या शिडीकडे, मी चिऊला घेऊन मागच्या. सासूबाई वळून मला विचारतात, "तू कुठं चालली?" पदर डोक्यावर घेतलेला, हातात पाण्याची बाटली. मी म्हटलं, "आई, मागं आहे आमची जागा." त्या म्हणाल्या, "मंग मलेही मागंच घे नं." मागून माणसं, पुढून माणसं, कर्मचारी हात हलवून चला चला करतोय. काय समजावणार तिथं?

आत गेल्यावर पाहिलं, तर पाचव्या-सहाव्या ओळीचे चारपाच जण मागच्या शिडीनं चढलेले. तिथली रांग लहान दिसली म्हणून. आता ते पुढे निघालेत आणि पुढून चढलेले बारा-तेरावाले मागे निघालेत, मध्ये एका माणसाची वाट. पुढे निघालेल्यांनी जाता जाता आपल्या ट्रॉली बॅगा आमच्या डोक्यावरच्या रॅकमध्ये कोंबून ठेवल्या, म्हणजे पुढे न्यायला नकोत. सत्ताविसाव्या ओळीचा रॅक सत्ताविसाव्या ओळीला मिळाला नाही. माझं खोकं चार ओळी मागे गेलं. एअरहोस्टेसनं ते आडवं केलं, वर कुणाची तरी बॅग चढवली आणि झाकण दाबलं. दाबताना कर्र असा आवाज आला तो मी ओळखला. घरच्या गव्हाच्या कुरड्या, चीक काढून, गच्चीवर दोन दिवस राखण करून वाळवलेल्या. पुण्याला खोकं उघडलं तेव्हा सोऱ्यानं पाडलेली एकही कुरडई गोल उरली नव्हती. वाळवण न्यायचं असेल तर पत्र्याच्या डब्यात न्या आणि समोरच्या सीटखाली ठेवा.

माझ्या शेजारी 27डीवर एक उंच मुलगा. मी तोंड उघडायच्या आत त्याला अंदाज आला असावा, कारण त्यानंच सुरुवात केली, "काकू, मी कडेची सीट पैसे देऊन घेतली. पाय दुमडत नाहीत माझे." बरोबर आहे त्याचं. त्यानं पाचव्या ओळीत मधे जाऊन बसावं आणि माझ्या सासूबाईंनी त्याच्या पैशाच्या जागेवर, असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार? पण मनात क्षणभर राग आलाच की. त्यालाही माझा आला असेल. दोघांनीही कंपनीला पैसे दिलेले आणि दोघांचा राग एकमेकांवर.

विमान वर गेल्यावर मी सासूबाईंना बघायला उठले, तर वाटेत खाण्याची गाडी. ती ओलांडता येत नाही. तिच्या मागे मागे एकेक ओळ सरकत, सँडविच आणि सुट्ट्या पैशांचे हिशेब ऐकत, पाचव्या ओळीपर्यंत पोचले तेव्हा अर्धा प्रवास संपला होता. सासूबाई मजेत. खिडकीशी बसलेला मुलगा वर्ध्याचा निघाला, त्याची आजी आणि सासूबाईंची मावसबहीण एका गावच्या. मला म्हणाल्या, "तू कायले आली? जा, बस जागेवर." मला हायसं वाटलं, थोडा रागही आला. मग त्यांनी हळूच सांगितलं की बेल्टचं दुसरं टोक सापडेना, ते शेजारच्याच्या खाली होतं, त्याला उठ म्हणायला लाज वाटली. आणि मघापासून बाथरूमला जायचंय, पण कडेचा माणूस लॅपटॉप मांडून काम करून राहिला, त्याला कसं उठवायचं. तो माणूस वाईट नव्हता, मी म्हटल्याबरोबर उठला. पण परक्याला उठ म्हणणं त्या वयाच्या बाईला जड जातं. सुनेला उठवायला जड गेलं नसतं. मधल्या सीटचा खरा भाव हा आहे, तो नकाशावर लिहिलेला नसतो.

लग्नघरी हा विषय निघाला तेव्हा बहिणीचा अमेरिकेतला मुलगा म्हणाला, मावशी, आमच्याकडे परवापर्यंत एका कंपनीत सीट नंबरच नव्हते. साउथवेस्ट. 1971 मध्ये सुरू झाली तेव्हापासून मोकळी बैठक. पासवर फक्त गट आणि रांगेतला क्रमांक, ए 1 ते 60, मग बी, मग सी. गेटपाशी खांब उभे, त्यावर आकडे, आपापल्या आकड्यापाशी उभं राहायचं आणि आत गेल्यावर दिसेल तिथं बसायचं. 1972 मध्ये त्यांच्यावर चारपैकी एक विमान विकायची पाळी आली, तर उरलेल्या तीन विमानांत चारचं वेळापत्रक चालवलं, विमान जमिनीवर दहा मिनिटांत रिकामं करून भरून परत उडवायचं. लोक जागा शोधत घुटमळत नाहीत, पटकन दिसेल ती धरतात, हे त्यात कामाला आलं. पन्नास वर्षांवर हे चाललं. मग जुलै 2024 मध्ये कंपनीनं जाहीर केलं की आता नंबर देणार, आणि 27 जानेवारी 2026 पासून दिलेही. त्यांच्या पाहणीत त्यांच्याच 80 टक्के गिऱ्हाइकांना ठरलेली सीट हवी होती, आणि जे त्यांच्याकडे येत नव्हते त्यांच्यातल्या 86 टक्क्यांना. युरोपात ईझीजेटनं हे 2012 मध्येच केलं होतं, रायनएअरनं 2014 मध्ये.

आपल्याकडेही होतं हे. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन 2003 मध्ये आली, रुपयात तिकिटांची जाहिरात करणारी, तेव्हा तिच्यात मोकळी बैठकच होती. आमचे मोठे दीर तेव्हा बंगळुरूला. ते सांगायचे, बस थांबली की टाय लावलेले साहेब लोकही शिडीकडे पळत. पुढे ती किंगफिशरनं घेतली आणि 2008 मध्ये तिचं नावही गेलं. दीर अजून म्हणतात, पळापळ होती, पण मी आणि तुझी जाऊ कधी वेगळं बसलो नाही.

नंबर काढून मोकळी बैठक करा, असं मी म्हणणार नाही. सासूबाईंना पळवायचं का? पण तो भाचा इंजिनिअर, त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली ती ऐकून माझ्यातल्या केटरिंगवालीचे कान टवकारले. जेसन स्टेफन म्हणून एक खगोलशास्त्रज्ञ आहे. त्यानं विमान भरायचं गणित मांडलं आणि 2011 मध्ये 12 ओळींच्या नकली विमानात 72 माणसं बॅगांसकट भरून वेळ मोजली. मागून पुढे ओळीनं भरलं तर 6 मिनिटं 11 सेकंद. गटागटानं बोलावलं तर 6 मिनिटं 54 सेकंद. कुणालाच न बोलावता हातात नंबर देऊन वाटेल तसं सोडलं तर 4 मिनिटं 44 सेकंद. आधी खिडकीवाले, मग मधले, मग कडेचे, असं केलं तर 4 मिनिटं 13 सेकंद. त्याची स्वतःची पद्धत, एकाआड एक ओळीची, 3 मिनिटं 36 सेकंदांत. म्हणजे माइकवर ओरडून गट पाडण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं! कारण वेळ चालण्यात जात नाही, बॅग वर चढवण्यात जातो. सलग ओळींतली माणसं एकदम बोलावली की ती एकाच जागी एकमेकांमागे खोळंबतात. विखुरलेली असली की एका वेळी पाचसहा जण पाचसहा ठिकाणी बॅगा चढवतात. अमेरिकेतल्या युनायटेडनं ऑक्टोबर 2023 पासून खिडकी, मधली, कडेची हा क्रम परत लावला आहे.

हे मला लगेच पटलं. आमच्या कामात वाढपी एका टोकाकडून एकापाठोपाठ निघाले तर शेवटच्या पानाला वरण पोचेपर्यंत पहिल्याचा भात निवतो. म्हणून आम्ही चौघं चार जागांहून सुरू करतो. आणि पंगतीतही पाटावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. तरी म्हातारी माणसं कधी ताटकळत नाहीत, कारण घरचं कुणीतरी दाराशी उभं असतं आणि हात धरून आधी त्यांना टेकवतं, शेजारी त्यांचं माणूस बसवतं. याला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. विमानाच्या गेटवर अशी दोन-तीन माणसं कंपनीनं उभी केलेली असतात. पण त्यांना काम दिलंय ते बॅगेचं वजन बघण्याचं आणि पेमेंट घेण्याचं.

म्हणून मला ही आताची तिसरी तऱ्हा दोन्हींपेक्षा वाईट वाटते. मोकळ्या बैठकीत धाकधूक होती, पण लवकर आलं की एकत्र बसता यायचं, त्याचे पैसे पडत नसत. ठरलेल्या नंबरात पैसे तिकिटातच होते, पण धाकधूक नव्हती. आता नंबर नसल्याची धाकधूकही आपल्याला आणि नंबर असल्याचे पैसेही आपल्यालाच. स्वस्त तिकीट हवं तर हे सोसा, असं ह्यांचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. बॅगेचं वजन वाढलं तर पैसे घ्या, इंधन लागतं. खायला द्याल त्याचे घ्या. पाय लांब करायची जागा द्याल तर तिचेही घ्या, त्या जागेत आणखी एक ओळ बसली असती. पण एका तिकिटावरच्या दोन माणसांना शेजारी बसवायला कंपनीला काय खर्च येतो ते कुणी मला समजावून सांगावं.

येताना मी फिकट बटणाला हात लावू दिला नाही. सासूबाईंना खिडकी आणि मला मधली, एवढ्या दोनच सीटांचे पैसे भरले. ह्यांना आणि चिऊला यंत्रावर सोडलं, नियमामुळे चिऊ त्यांच्याजवळच येणार हे ठाऊक होतं. तशी आलीही. कडेची कुणा तिसऱ्याला मिळाली, त्याला दोनदा उठवलं, माझ्या तोंडानं. प्रवास कंटाळवाणा म्हणावा इतका सुरळीत.

तुम्ही विचाराल तर माझा सल्ला असा. एकटे असाल तर काही निवडू नका, मिळेल तिथं बसा, दीड तासानं घर येतंच. लहान मूल असेल तरी निवडू नका, फक्त मुलाचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर काढू नका, नियम एका पीएनआरला लागतो. म्हातारं माणूस असेल तर मागच्या ओळींतल्या दोन स्वस्त सीटा घ्या, पुढच्या महाग ओळींच्या नादी लागू नका. मागूनही दार उघडतं. आपत्कालीन दाराच्या ओळीत पाय मोकळे राहतात, पण तिथं म्हातारी माणसं आणि लहान मुलं बसवत नाहीत, भरलेल्या पैशांसाठी भांडत बसावं लागेल. आणि व्हीलचेअर मागायला लाजू नका. हे सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत.

अडीच कसे दिले ते सांगते. विमान वेळेवर सुटलं आणि वेळेवर टेकलं, त्याचा एक. काउंटरच्या मुलीच्या बोलण्याचा एक, तिच्या हातात काही नव्हतं तरी. अर्धा त्या एअरहोस्टेसला, जिनं उतरताना सासूबाईंना शिडीवरून हात दिला आणि खाली उन्हात बस येईपर्यंत विमानाच्या सावलीत उभं केलं. कुरड्यांचे कापले, नाही तर तिचाही पूर्ण झाला असता. भाचीच्या लग्नात जेवण बुफे होतं, त्याबद्दल वेगळं लिहीन.